संदर्भ जीनोमसाठी नमुना घेताना: परवान्यापासून डेटा जमा करेपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेत येणारे बरेचसे नमुने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावे लागतात. फॉर्मॅलिनमध्ये वर्षभर बुडवून ठेवलेला बेडूक येतो. रंगकामाच्या स्पिरिटमध्ये घातलेला माशाचा पर येतो. पाच नळ्यांपैकी तिघींवरचं मार्करचं नाव अल्कोहोलने धुऊन गेलेलं असतं. पाठवणाऱ्यांनी पावसात घाट तुडवलेले असतात, रात्री जागवलेल्या असतात, आणि मला त्यांना फोन करून सांगावं लागतं की यातून जीनोम, म्हणजे त्या जिवाचा सगळा डीएनए वाचून काढलेला मजकूर, होणार नाही.

सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणारं यंत्र डीएनए दुरुस्त करत नाही, हातात येईल तेच वाचतं. डीएनएचे धागे किती लांब राहणार हे जीव मेल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ठरतं. त्या मिनिटांत काय करायचं हे त्याआधीच्या काही महिन्यांत ठरलेलं असावं लागतं. म्हणून या लेखात तयारीवर आणि रानातल्या तासाभरावर जास्त भर दिला आहे. संगणकावरच्या कामाला कमी जागा दिली आहे, कारण ते पुन्हा करता येतं आणि मेलेला मासा पुन्हा जिवंत होत नाही.

उदाहरणं मुख्यतः तीन घेतली आहेत: दख्खनचा महसीर हा मासा म्हणजे टॉर खुद्री, जुन्नरच्या डोंगरांतलं शिवसुमन हे मांसल झाड, आणि आंबोलीचा टोड हा बेडकाच्या जातीचा प्राणी. तिघांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत.

## टप्पा १: नेमकं काय हवं आहे ते आधी लिहून काढा

'जीनोम करायचा आहे' असं म्हणणाऱ्या दहांपैकी निम्म्यांना खरं तर जीनोम नको असतो. तीन कामं वेगळी आहेत आणि प्रत्येकाला नमुना वेगळा लागतो.

पहिलं काम ओळख पटवण्याचं, म्हणजे बारकोडिंग. प्राण्यांमध्ये सीओआय या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की बहुतेक वेळा भागतं. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतो.

दुसरं काम एकाच प्रजातीच्या अनेक प्राण्यांची तुलना: कोणत्या नदीतले मासे एकमेकांशी जोडलेले आहेत, कुठल्या टेकडीवरचे बेडूक आपसांतच वीण होऊन कमकुवत होत आहेत. इथे प्राणी जास्त लागतात, पण प्रत्येकाचा डीएनए थोडा तुटलेला असला तरी चालतो, कारण वाचन १५० अक्षरांच्या छोट्या तुकड्यांत होतं.

तिसरं काम संदर्भ जीनोम. एकाच प्राण्याचा किंवा झाडाचा संपूर्ण जीनोम, वाचलेले तुकडे गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जोडून केलेला. दुसऱ्या कामातली तुलना याच जीनोमवर टेकून होते. याला पन्नास हजार अक्षरांहून लांब धागे हवेत, आणि त्यासाठी ऊती जिवंत असतानाच किंवा मेल्यावर लगेच गोठवावी लागते. पुढचा लेख या तिसऱ्या कामाचा आहे.

कागदावर ठरलं की तीन गोष्टी शोधा. हा जीनोम आधीच कुणी केला आहे का? एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक साठ्याचा जीनोम विभाग आणि 'जीनोम्स ऑन अ ट्री' ही दोन संकेतस्थळं पाहा. कुणी काम नुसतं हाती घेतलं असेल तर तेही यातल्या दुसऱ्या संकेतस्थळावर कळतं. जीनोम केवढा आहे? प्राण्यांसाठी ॲनिमल जीनोम साइझ डेटाबेस आहे, वनस्पतींसाठी क्यू उद्यानाचा सी-व्हॅल्यू डेटाबेस. तिथे आकडा पिकोग्रॅममध्ये दिलेला असतो. एक पिकोग्रॅम म्हणजे सुमारे ९७.८ कोटी अक्षरजोड्या. तिसरं, गुणसूत्रं किती आहेत?

हा तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. कार्प कुळातल्या पुष्कळ माशांत ५० गुणसूत्रं असतात, महसीरमध्ये १००. त्याच्या पूर्वजांत कधीतरी सगळा संच दुप्पट झाला आहे. म्हणजे जवळपास सारख्या दिसणाऱ्या प्रती जीनोमभर पसरलेल्या असतात, आणि त्या एकमेकींत मिसळू न देता जोडायच्या तर जास्त आणि जास्त लांबीचा डेटा लागतो. हे अंदाजपत्रक मांडण्याआधी कळायला हवं.

तपासणी: प्रजातीचं नाव, कामाचा प्रकार, जीनोमचा अंदाजे आकार, गुणसूत्रांची संख्या. हे चार रकाने भरता येत नसतील तर अजून रानात जायची वेळ आलेली नाही.

## टप्पा २: परवाने

सर्वांत महागडी चूक म्हणजे आधी नमुना, मग परवाना. असा नमुना कितीही चांगला असला तरी त्यावर शोधनिबंध उभा राहत नाही आणि गोळा करणारा अडचणीत येतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची परिशिष्टं सहावरून चारवर आली आणि अनेक प्रजातींची जागा बदलली. जुन्या याद्या अजून महाविद्यालयांतून फिरतात, त्यांच्यावर विसंबू नका. संशोधनासाठी परवानगी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. परिशिष्ट १ मधल्या प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. अभयारण्यात जायचं असेल तर कलम २८ खालचा प्रवेश परवाना वेगळा.

जैवविविधता कायदा २००२ चा, दुरुस्ती २०२३ ची. परदेशी संस्था किंवा परदेशी भागीदार कामात असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. 'आम्ही प्राणी पाठवत नाही, फक्त डीएनएची नळी पाठवतो' ही पळवाट नाही. नळीतला डीएनए हाही जैविक संसाधनाचाच भाग आहे.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. तिच्या अर्जात भूल कशी देणार, किती प्राणी घेणार आणि तेवढेच का, हे लिहावं लागतं. एक प्राणी पुरत असेल तर एकच लिहा.

आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. बरेच जण ही पायरी गाळतात, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. सरपंचांना आणि समितीच्या सदस्यांना भेटा, काय नेणार आणि का नेणार ते सांगा, त्यांची नोंदवही पाहायला मागा. डोहात कुठला मासा कुठल्या महिन्यात असतो हे तिथल्या माणसांना माहीत असतं, आणि ते कुठल्याही डेटाबेसमध्ये सापडत नाही.

इशारा: रस्त्यावर मेलेला प्राणीही परवान्याशिवाय उचलता येत नाही. परवान्याच्या अर्जातच 'मृत सापडलेले प्राणी' असा उल्लेख करून ठेवा.

पावसाळ्यात काम करायचं असेल तर अर्ज आदल्या दिवाळीच्या आसपास जायला हवा.

## टप्पा ३: कोणता एक जीव?

संदर्भ जीनोम एका जिवाचा असतो, त्यामुळे ही निवड साऱ्या प्रकल्पाचा पाया आहे. लोक मात्र जाळ्यात पहिला येईल तो उचलतात.

उगम. महसीरची पिल्लं लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात कित्येक दशकं तयार होत आली आणि दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. कावेरीत टॉर खुद्री तसाच पोहोचला आणि तिथल्या मूळच्या मोठ्या कुबडवाल्या महसीरची जागा व्यापत गेला. त्या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. म्हणून महसीर 'कुठून पकडला' एवढं पुरत नाही, 'इथे तो मूळचा आहे की सोडलेला' हे विचारा. सायक्स या ब्रिटिश प्राणिअभ्यासकाने टॉर खुद्रीचं वर्णन १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. त्याच खोऱ्यातला, पिल्लं सोडल्याची नोंद नसलेल्या ओढ्याचा मासा मिळाला तर तो संदर्भासाठी सर्वांत चांगला.

लिंग. पक्ष्यांत मादी निवडा, सस्तन प्राण्यांत नर. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन्ही लिंग-गुणसूत्रं असतात, सस्तनांत नराकडे एक्स आणि वाय. उलटं निवडलं तर एक गुणसूत्र कायमचं हातून जातं. मधमाश्यांत नर घ्या. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे जोडणी सोपी होते.

एकच जीव, सगळ्या कामांना. लांब वाचनाचा डीएनए, गुणसूत्र जोडणीसाठी हाय-सी (डीएनएचे कोणते भाग पेशीत एकमेकांजवळ असतात ते दाखवणारी पद्धत), आणि शक्य असेल तर जनुकं ओळखायला लागणारा आरएनएसुद्धा त्याच जिवाचा. 'डीएनए एका बेडकाचा, हाय-सी दुसऱ्याचा' असं झालं की दोघांमधले फरक जोडणीच्या चुका होऊन बसतात. किडा इतका लहान असेल की एकाने भागत नाही, तर आरएनएसाठी त्याच मादीची पिल्लं घ्या, पण डीएनए एकाचाच ठेवण्यासाठी शेवटपर्यंत प्रयत्न करा.

शिवसुमनासाठी मी डोंगरावरच्या रोपाला हात लावणार नाही. हे झाड छाटावरून सहज वाढतं आणि वनस्पती उद्यानांतून जपलेलं आहे. ज्या रोपाचा मूळ डोंगर नोंदलेला आहे असं रोप उद्यानातून निवडा. उगमाची नोंद नसलेलं किंवा नर्सरीतलं रोप नको, कारण या वर्गातल्या शोभेच्या झाडांत संकर झालेले असतात.

आंबोलीच्या टोडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अतिसंकटग्रस्त, काही चौरस किलोमीटरच्या पठारावर मावणारा प्राणी. त्याचा निरोगी प्रौढ जीव केवळ संदर्भ जीनोमसाठी मारू नये. परवाना हातात ठेवून, पहिल्या पावसाच्या रात्री गाडीखाली नुकताच गेलेला प्राणी मिळतो का याची वाट पाहा. सोबत तोंडाच्या आतल्या बाजूला कापूस फिरवून घेतलेले नमुने जमवा. त्यातून संदर्भ जीनोम होणार नाही, पण संख्येच्या अभ्यासाला ते पुढे कामी येतील.

## टप्पा ४: ओळख आणि व्हाउचर

व्हाउचर म्हणजे ज्या जिवाचा डीएनए घेतला त्याचंच उरलेलं शरीर, संग्रहालयात क्रमांकासह जपलेलं. पुढे कुणाला शंका आली तर ते उघडून पाहता येतं. व्हाउचर नसलेला जीनोम म्हणजे मालकाचं नाव नसलेला सातबारा.

शंका येतेच, आणि नाव बदलतंही. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्याआधी कुणी तिथून मासा नेऊन दुसऱ्याच नावाने डेटा भरला असता, तर व्हाउचरशिवाय तो दुरुस्त कसा केला असता?

फोटो जिवंतपणी काढा. दोन्ही बाजू, वरून, खालून, शेजारी मोजपट्टी. माशाचा रंग अल्कोहोलमध्ये दोन दिवसांत जातो. झाडाचं फूल उघडं असताना काढा, आणि शिवसुमनासारख्या मांसल झाडाचं फूल वेगळं अल्कोहोलमध्ये जपा, कारण दाबून वाळवल्यावर त्याचा आकार राहत नाही.

व्हाउचर कुठे देणार ते आधीच पत्राने ठरवा. प्राण्यांसाठी आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र किंवा मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस). वनस्पतींसाठी पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र, आघारकर संस्था किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ.

तपासणी: ऊती काढल्यावर ओळख पटवणारे भाग शाबूत राहतील का? माशाची नेहमी उजवी बाजू कापा आणि डावी व्हाउचरसाठी अखंड ठेवा.

## टप्पा ५: पेटी भरणं

ऊती क्षणात गोठवायला लागणारा लिक्विड (द्रव) नायट्रोजन ही मोठी अडचण वाटते, पण ग्रामीण महाराष्ट्रात तो बहुतेक लोकांना वाटतो त्यापेक्षा जवळ असतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या याच नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघात आठवडाभर आधी जाऊन बोला आणि त्यांची गाडी कुठल्या दिवशी भरून येते ते विचारा. मात्र त्यांच्या कॅनमध्ये आपल्या नळ्या टाकू नका, आपलं भांडं वेगळं ठेवा.

भांडं शक्यतो ड्राय शिपर घ्या. त्याच्या भिंतीतला पदार्थ नायट्रोजन शोषून धरतो, त्यामुळे कलंडलं तरी सांडत नाही आणि आत कित्येक दिवस उणे १५० अंशांच्या खाली राहतं. ते भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. भरल्यावर वजन करा आणि रोज सकाळी पुन्हा करा. वजन अचानक उतरलं तर भांड्याची निर्वात भिंत गेली आहे.

इशारा: एक लिटर द्रव नायट्रोजनची हवा होते तेव्हा ती सुमारे ७०० लिटर जागा घेते आणि प्राणवायूला बाजूला सारते. बंद काचांच्या गाडीत कॅन ठेवून प्रवास करू नका. द्रवात बुडालेली नळी बाहेर काढल्यावर फुटू शकते, म्हणून चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड हातमोजे हवेत.

नळ्यांवर नावं घरीच, टेबलावर बसून घाला. छापील क्रायो-लेबल असेल तर उत्तम. ते आधी एका रिकाम्या नळीला चिकटवा, ती नायट्रोजनमध्ये बुडवा, मग अल्कोहोलने पुसा. उरलं तर वापरा. अल्कोहोलच्या बाटलीत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी आत टाका.

याशिवाय: प्रत्येक प्राण्याला नवी पाती, टोकदार चिमटे, ब्लीच, पाणी, अल्कोहोल, फॉइल, ९५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल, आरएनए टिकवणारं द्रावण, घड्याळ. बेडकांच्या मागे जाणार असाल तर प्रत्येक प्राण्याला वेगळे हातमोजे घ्या आणि एका ओढ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट निर्जंतुक करा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आपल्याच चिखलातून पसरते. जपायला गेलो आणि रोग देऊन आलो असं कधीच होता कामा नये.

जाण्याआधी बाजारातून आणलेल्या मेलेल्या माशावर पूर्ण सराव करा, घड्याळ लावून. पहिल्या खेपेला अर्धा तास लागतो, चौथ्या खेपेला आठ मिनिटं.

## टप्पा ६: रानातला तो तास

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून महसीरचा क्रम पायरीपायरीने देतो.

१. मासा स्वच्छ, हवा खेळती ठेवलेल्या पाण्यात. फोटो. लांबी. मग मान्यता मिळालेल्या पद्धतीने भूल.

२. पहिल्यांदा रक्त. माशांच्या, पक्ष्यांच्या, बेडकांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असतं, त्यामुळे थेंबभर रक्तातही भरपूर डीएनए मिळतो. सस्तनांत लाल पेशींत केंद्रक नसतं, तिथे याच्या कितीतरी पट रक्त लागतं. गोठू नये म्हणून ईडीटीए वापरा. हेपरिन पुढच्या रासायनिक क्रियांना अडथळा करतं.

३. मान्यतेप्रमाणे मासा मारल्याबरोबर घड्याळ सुरू. हृदय, प्लीहा, मग स्नायू. यकृतात तोडणारी विकरं जास्त असतात, म्हणून ते घ्यायचं असेल तर उशीर न करता. आतडं फोडायचं नाही, त्याला चिमटाही लागू द्यायचा नाही. आतड्यातला प्रत्येक जंतू आणि प्रत्येक खाल्लेला किडा तुमच्या जीनोममध्ये येऊन बसतो.

४. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. हा आकार मी प्रत्येक विद्यार्थ्याला ताटात तांदूळ ठेवून दाखवतो, तरी रानात हाताला बोटाच्या पेराएवढा तुकडा येतो. मोठा तुकडा बाहेरून गोठतो आणि गाभा तसाच ऊबदार राहतो, आणि त्या गाभ्यात विकरं काम करत राहतात. एका ऊतीचे पाच-सहा तुकडे, वेगवेगळ्या नळ्यांत.

५. नळी नायट्रोजनमध्ये सोडली की तिच्याभोवती फसफस होते, पांढरी वाफ उसळते. ती फसफस थांबेपर्यंत दुसरी नळी टाकू नका. थांबली म्हणजे आतलं तापमान खाली पोहोचलं. घाईत पाच नळ्या एकदम टाकल्या तर त्या एकमेकींना गरम ठेवतात.

६. आरएनएसाठी मेंदू, कल्ला, जननग्रंथी, यकृत, प्रत्येकाची वेगळी नळी. ऊतींचे प्रकार जितके जास्त तितकी जनुकं जास्त सापडतात.

७. शेवटी, पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये. हा बारकोडसाठी. पुढे नळ्यांची अदलाबदल झाली का हे यावरून कळतं.

प्रत्येक नळीवर वेळ लिहायची: जीव गेल्यापासून गोठेपर्यंत किती मिनिटं. नमुना चांगला का निघाला आणि वाईट का निघाला याचं उत्तर नंतर बहुतेक वेळा याच रकान्यात सापडतं.

झाडाचं गणित वेगळं आहे. तिथे मृत्यूची घाई नसते. शर्करा आणि फिनॉल यांचा चिकटपणा छळतो. पावसाच्या सुरुवातीला नवी पालवी फुटली की रोप एक ते दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानातला स्टार्च कमी होतो. मग कोवळी पानं धुऊन, टिपून, फॉइलमध्ये गोठवा. जून, चरबट पान जास्त वजनाचं असलं तरी त्यातून डीएनए कमी आणि डिंक जास्त निघतो. सिलिका जेलमध्ये वाळवलेलं पान बारकोडला उत्तम, संदर्भ जीनोमला नाही.

किड्यांना एक दिवस उपाशी ठेवा, मग जिवंत असतानाच गोठवा.

इशारा: नायट्रोजन नसेल तर ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तोही नसेल तर शुद्ध इथेनॉल, ऊतीच्या दहापट, एका दिवसाने बदललेलं, बर्फाच्या पेटीत. यातून कधीकधी चालण्यासारखा डीएनए मिळतो, पण हाय-सी आणि आरएनए बहुधा गेलेच समजा. फॉर्मॅलिन कधीही नाही. ते डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना शिवून टाकतं.

## टप्पा ७: थंडी तुटू देऊ नका

ऊती एकदा वितळून पुन्हा गोठली की ती संदर्भासाठी संपली. पुन्हा गोठवल्यावर दिसायला अगदी तशीच दिसते, हाच धोका.

घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये एक रात्रही ठेवू नका. तो बर्फ घालवण्यासाठी स्वतःच अधूनमधून गरम होतो. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये पाण्याचा एक छोटा डबा गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि परत आली तर सकाळी काहीच कळत नाही, पण नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर आतलं सगळं वितळलं होतं.

पार्सल सोमवारी पाठवा. शुक्रवारी पाठवलेला ड्राय आइस शनिवार-रविवारी कुरियरच्या गोदामात उडून जातो, आणि गणपतीच्या आठवड्यात तर पाठवूच नका. घेणाऱ्या माणसाचा फोन आधी आणि पार्सल नंतर. नळ्या दोन भागांत ठेवा, अर्ध्या पाठवा, अर्ध्या जागच्या जागी. आमचा एकदा सगळाच साठा एका खेपेत गेला आणि पेटी तीन दिवस उन्हात राहिली. त्या प्रजातीसाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं.

## टप्पा ८: डीएनए काढणं आणि तीन तपासण्या

लांब डीएनए हा भिजलेल्या सुतासारखा असतो, ओढला की तुटतो. व्होर्टेक्स (नळी गरागरा हलवणारं यंत्र) नाही, जोरात हलवणं नाही. पिपेटचं टोक रुंद तोंडाचं, नसेल तर निर्जंतुक कात्रीने कापलेलं. नळी हळूच उलटीपालटी करायची. मी शिकत असताना एका सुंदर नमुन्याला सवयीने पाच सेकंद व्होर्टेक्सवर धरलं होतं, आणि जेलवर, म्हणजे धागे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, दाट पट्ट्याऐवजी लांबलचक धूर दिसला. झाडांसाठी सीटॅब या पेशी फोडणाऱ्या द्रावणात फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घाला, किंवा आधी केंद्रकं वेगळी करून मग डीएनए काढा. गोगलगायींचा चिकट द्रवही असाच त्रास देतो.

तीन तपासण्या, तिन्ही हव्यात:

- शुद्धता: नॅनोड्रॉप या प्रकाश-शोषण मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० हे गुणोत्तर साधारण १.८, २६०/२३० दोनच्या आसपास.
- प्रमाण: क्युबिटवर, हे यंत्र फक्त डीएनए मोजतं. नॅनोड्रॉप आणि क्युबिट यांचे आकडे दुपटीने वेगळे आले तर नळीत डीएनएखेरीज बरंच काही आहे. पुन्हा स्वच्छ करा.
- लांबी: पल्स-फील्ड जेल (फार लांब धागेही वेगळे करणारं जेल) किंवा तसं यंत्र. साध्या जेलवर वीस हजार आणि दोन लाख अक्षरांचे धागे एकाच जागी दिसतात आणि फसवतात.

एखादी तपासणी नापास झाली तर इथेच थांबा. 'बघू, चालून जाईल' या विचाराने पुढे गेलेल्या नमुन्यांवरच सर्वांत जास्त पैसा वाया जातो.

## टप्पा ९: सिक्वेन्सिंग

इथे आकडेमोड सोपी आहे. शंभर कोटी अक्षरांचा जीनोम असेल आणि तीसपट वाचन, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचलेलं, हवं असेल तर तीन हजार कोटी अक्षरांचा डेटा मागवा. अचूक लांब वाचन तीसपट, त्याच जिवाच्या ऊतीचं हाय-सी, आणि तीन-चार ऊतींचा आरएनए, एवढं मागा. महसीरसारख्या दुहेरी इतिहासाच्या जिवाला लांब वाचन वाढवा. केंद्राकडून कच्चा डेटा मागून घ्या, तयार अहवालावर समाधान मानू नका.

## टप्पा १०: जोडणी झाल्यावर शंका घ्या

जोडण्याआधी के-मर आलेख काढा, म्हणजे ठराविक लांबीचे छोटे अक्षरगट डेटात किती वेळा येतात त्याचा आलेख. त्यातून जीनोमचा आकार आणि आई-बापाकडून आलेल्या प्रतींमधला फरक कळतो. टप्पा १ मधल्या आकड्याशी तो जुळला नाही तर आधी कारण शोधा.

मग परक्या डीएनएचा शोध. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोमचा सहावा भाग जंतूंसारख्या परक्या जिवांकडून उसना आला आहे असा दावा प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटाने त्याच प्राण्याचा जीनोम तपासला तेव्हा त्यातला बहुतेक भाग नमुन्यातली भेसळ निघाला. प्रत्येक तुकड्याचं वाचन-प्रमाण आणि त्यातल्या जी व सी या अक्षरांची टक्केवारी एका आलेखावर मांडली की भेसळ वेगळ्या ढगासारखी दिसते. न दिसणारी भेसळही असते, म्हणून टप्पा ६ मधलं आतडं आठवा.

बुस्को या संगणकीय तपासणीत त्या गटातल्या सगळ्या जिवांत अपेक्षित असलेली जनुकं किती सापडली ते कळतं. इथे एक नेहमीची चूक होते: महसीरमध्ये बरीच जनुकं 'दोनदा' सापडतात आणि विद्यार्थी ती जादा प्रत समजून काढून टाकतात. तो त्या माशाचा खरा इतिहास आहे. गुणसूत्रांची संख्या माहीत असेल तरच हा फरक कळतो.

अर्थ बायोजीनोम या जागतिक प्रकल्पाची किमान अट अशी: अखंड तुकड्यांचा एन-५० (निम्मा जीनोम ज्या लांबीच्या किंवा त्याहून लांब तुकड्यांत मावतो ती लांबी) दहा लाख अक्षरांहून जास्त, बहुतेक सगळा जीनोम गुणसूत्रांवर बसवलेला, आणि दहा हजार अक्षरांत एकापेक्षा कमी चूक. हाय-सीचा नकाशा स्वतः डोळ्यांनी पाहा. कर्णरेषेवर चौकटी नीट बसल्या पाहिजेत. कोपऱ्यात दूर उजळलेला ठिपका म्हणजे एखादा तुकडा उलटा किंवा चुकीच्या गुणसूत्रावर बसला आहे.

## टप्पा ११: जमा करणं, लपवणं आणि परत जाणं

कच्चा डेटा, जोडणी आणि नमुन्याची माहिती तिन्ही जमा करा. फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, आणि एनसीबीआयसारखे आंतरराष्ट्रीय साठे आहेत. नमुन्याच्या नोंदीत व्हाउचर क्रमांक, संग्रहालय, परवाना क्रमांक, लिंग, ऊती, तारीख आणि गोठवण्याची पद्धत भरा. व्हाउचर क्रमांकाचा रकाना रिकामा सोडलेला जीनोम मी स्वतः पुढच्या कामात वापरत नाही.

ठिकाणाच्या बाबतीत सावध राहा. शिवसुमन, ऑर्किड किंवा दगडाखालचा कोळी यांचे नेमके अक्षांश-रेखांश उघड केले की आधी पोहोचतो तो गोळा करून विकणारा. सार्वजनिक नोंदीत तालुका पुरे. अचूक जागा संग्रहालयाच्या बंद नोंदीत आणि वनखात्याकडे ठेवा.

आता टप्पा १ मधलं दुसरं काम सुरू होऊ शकतं. वेगवेगळ्या ओढ्यांतल्या महसीरच्या परांचे अल्कोहोलमधले तुकडे या जीनोमवर ठेवून पाहिले की कोणता ओढा अजून मूळच्या माशांचा आहे, कुठे सोडलेली पिल्लं मिसळली आहेत आणि कुठे जवळच्या नात्यात वीण वाढली आहे ते दिसू लागतं. पुढच्या वर्षी कुठल्या पाण्यात पिल्लं सोडायची नाहीत, याची यादी त्यातून निघते.

ती यादी इंग्रजी शोधनिबंधाच्या पुरवणीत गाडून टाकू नका. एका पानावर मराठीत लिहा, ओढ्यांची गावातली नावं वापरा, आणि एक प्रत मत्स्य विभागाला, एक वनखात्याला, एक त्या जैवविविधता समितीला नेऊन द्या. परवान्याच्या फाइलमध्ये पोच जोडा. पुढच्या पावसाळ्याचा अर्ज त्याच फाइलमधून जाणार आहे.